स्टुडिओतली शिट्टी

"भाऊ, कसली तरी शिट्टी येतेय."

निवेदिका हे अगदी सहज बोलली. दहाच्या बातम्यांना अजून पाच मिनिटं होती. ती टेबलामागे बसून कागद जुळवत होती, आणि तिच्या दृष्टीनं ही तक्रारसुद्धा नव्हती, नुसती चौकशी होती. पण कोपऱ्यातल्या आडोशामागे बसलेल्या ससेभाऊंनी चटकन मान वर केली.

"कसली म्हणालीस?"

"बारीक आहे. टीं करून सारखी वाजतेय. तुम्हाला नाही येत?"

ससेभाऊंनी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. तिच्या कागदांची सळसळ आली. कॅमेरावाल्यानं घसा खाकरला, तोही आला. दाराबाहेर कुणीतरी जड खुर्ची ओढली तीही आली. शिट्टी काही आली नाही.

"येतेय की," ते म्हणाले. "मघापासून तिच्याच मागावर आहे मी."

हे धादांत खोटं होतं. सत्तावीस वर्षांत या खोलीतला आवाज त्यांच्या आधी दुसऱ्या कुणाला ऐकू आलाय, असं एकदाही झालं नव्हतं. आज झालं, आणि त्यांच्या तोंडून पहिली निघाली ती थाप.

बातम्यांची ती वाहिनी काही मोठी नव्हती. दोन मजल्यांचं ऑफिस आणि एकच स्टुडिओ. कंट्रोल रूममध्ये जागा नाही म्हणून आवाजाचं टेबल स्टुडिओतच एका जाड आडोशामागे मांडलेलं होतं. इतर ठिकाणी आवाजवाले काचेपलीकडे आरामात बसतात, जांभया देतात, चहा पितात. ससेभाऊ निवेदिकेपासून बारा पावलांवर बसत. त्यांना शिंकायचीसुद्धा चोरी. पण त्यांची त्याबद्दल कधी कुरकुर नव्हती. आवाजाच्या माणसानं आवाजाच्या खोलीतच असावं, असं ते म्हणत.

प्रत्येक बातमीपत्राआधी ते अर्धं मिनिट सगळ्यांना मुकं करत. त्यांनी हात वर केला की जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, जमलं तर गिळायचंही नाही. त्या अर्ध्या मिनिटात ससेभाऊ रिकाम्या खोलीचा आवाज ऐकत. खोली कधीच गप्प नसते, हे त्यांचं लाडकं वाक्य. मग ते एकेक गुन्हेगार पकडत. कुणाच्या बुटाचा तळवा करकरतोय, कुणाच्या खिशात किल्ल्या आहेत, निवेदिकेची गळ्यातली साखळी माइकला घासतेय. एकदा कुठून तरी बारीक घूंऽऽ येतंय म्हणून ते चक्क जमिनीला कान लावून पालथे पडले होते, आणि उठून म्हणाले होते, "खालच्या कॅन्टीनचा फ्रिज. भिंतीला टेकलाय, पुढे ओढा." फ्रिज पुढे ओढला आणि आवाज बंद. त्या दिवसापासून त्यांचं नाव ससेभाऊ पडलं. कान टवकारून बसतो तो ससा. सशाच्या भित्रेपणाचा तेव्हा कुणाच्या मनात विचारही नव्हता.

आता मात्र वर्षभर त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

सुरुवात मनगटी घड्याळापासून झाली. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, तो गजर बंद करा ना, किती वेळ वाजतोय!" घड्याळ त्यांच्याच हातात होतं. त्यांना वाटलं, ती मस्करी करतेय. मग हळूहळू लक्षात आलं की बारीक आवाज एकेक करून न सांगता निघून चाललेत. ससेभाऊंनी कुणाला काही सांगितलं नाही. मोबाइलमध्ये आवाजाचा आलेख दाखवणारं एक अ‍ॅप घेतलं, मोबाइल टेबलाच्या कडेखाली उभा करून ठेवला, आणि कानांचं काम डोळ्यांवर टाकलं. आलेखात रेघ उठली की हात वर करून म्हणायचं, "थांबा, काहीतरी वाजतंय." लोक कौतुकानं माना डोलवत. ससेभाऊंना त्या कौतुकानं घाम फुटे.

शेवटी बायकोनं त्यांना धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं, आणि दहा दिवसांपूर्वी उजव्या कानात एक छोटंसं यंत्र आलं. कानाच्या आत बसणारं, बाहेरून सहसा न दिसणारं. दुकानातली मुलगी वापरायचं कसं ते समजावून सांगायला लागली, तर ससेभाऊ तिला मध्येच तोडून म्हणाले, "असू दे, असू दे. मी आवाजातलाच माणूस आहे." सोबतचा कागद त्यांनी दुकानाच्या पायरीवरच चुरगळून टाकला, कारण तो खिशात सापडला असता तर? बायको म्हणाली, "वाचा तरी." ते म्हणाले, "तू मला आवाज शिकवणार का?"

आणि आज सकाळीच, घरून निघताना, त्यांनी त्या यंत्राचा आवाज आणखी दोन घरं वाढवला होता. असू द्यावं म्हणून.

त्यांनी टेबलाच्या कडेखाली हळूच नजर टाकली. आलेखाच्या अगदी उजव्या टोकाला एक रेघ केसासारखी ताठ उभी होती. म्हणजे निवेदिका खोटं बोलत नव्हती. शिट्टी होती. सबंध खोलीत वाजत होती, आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येत नव्हती.

"भाऊ, दोन मिनिटं," कॅमेरावाला म्हणाला. "मलापण आता यायला लागली. सापडली का?"

"बातम्या होऊ दे. गाळून टाकतो."

त्यांनी आलेखात बघून तेवढ्या बारीक आवाजाची पट्टी कापली. तरी थोडी शिट्टी प्रेक्षकांपर्यंत गेलीच. बातम्यांची ती वीस मिनिटं ससेभाऊंनी कशी काढली ते त्यांनाच ठाऊक.  आता कुणीतरी उठून विचारणार, भाऊ, खरं सांगा, तुम्हाला ऐकू येतं का? एवढं एकच वाक्य त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

बातम्या संपतात न संपतात तोच साहेब खाली आले. वाहिनीचे मुख्य. उंच माणूस, आवाज त्याहून उंच.

"तीन फोन आले लोकांचे! टीव्हीतून शिट्टी येतेय म्हणतात. ससेभाऊ, काय प्रकार आहे?"

"बघतोय साहेब."

"बघताय काय? ऐका! आत्ताही येतेय ती. कुठून येतेय?"

इथेच सगळी मेख होती. शिट्टी आहे एवढं आलेख सांगत होता. कुठून, ते त्याला माहीत नव्हतं. त्यासाठी उठून, खोलीभर फिरून, मान इकडे तिकडे वळवून ऐकावं लागतं, आणि ससेभाऊंकडे त्यासाठी कान नव्हते. सगळे त्यांच्याकडे बघत होते. साहेब, निवेदिका, कॅमेरावाला, आणि शिडीच्या टोकावर बसलेला काजवा.

काजवा म्हणजे दिवेवाला. किडकिडीत, सदा शिडीवर, आणि सकाळी सगळ्यांत आधी येऊन स्टुडिओ उजळणारा. वीस वर्षं ससेभाऊ आणि तो एकाच डब्यातून जेवत आले होते. सोमवारीच काजव्यानं नवे सपाट दिवे लावले होते. वर्षभर साहेबांच्या मागे भुणभुण करून त्यानं ते मिळवले होते. हे दिवे तापत नाहीत, वीज कमी खातात, माणसांचे चेहरे नीट दिसतात, वगैरे. लहान मुलाला नवे बूट मिळावेत तसा तो आठवडाभर मिरवत होता.

"दिव्यांतून," ससेभाऊ म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि त्यांचं त्यांनाच कळलं की आपण काय केलं. पण तो परत घ्यायचा तर त्याच्या मागून दुसरं बरंच काही बाहेर काढावं लागलं असतं.

"दिव्यांतून?" काजवा वरून म्हणाला. "नवीन आहेत रे ते."

"नवीन आहेत म्हणूनच," साहेब म्हणाले. "बंद कर बघू सगळे."

काजव्यानं एकेक ओळ बंद केली. स्टुडिओ अंधारला. आणि जन्माची सवय म्हणून, उघड्या कानांनी ऐकण्यासाठी, ससेभाऊंनी हेडफोन काढून गळ्यात घेतला.

"थांबली!" निवेदिका म्हणाली.

"थांबली," कॅमेरावाला म्हणाला.

"मी सांगत होतो," साहेब म्हणाले. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

"साहेब, एकदा परत लावून बघू," काजवा अंधारातून म्हणाला. "एका वेळेनं काय कळतंय?"

"बघायचं काय त्यात? पुढचं बातमीपत्र दीड तासावर आलंय. उतरव सगळं आणि जुने दिवे लाव. कुठलीतरी पाहुण्यारावळ्यांची कंपनी धरून ठेवायची आणि माझ्या गळ्यात मारायची! उद्या अकरा वाजता केबिनमध्ये ये. आता दिव्यांचं काम बाहेरच्या माणसांना देऊन टाकतो. रोजची कटकट नको."

बाहेरच्या माणसांना म्हणजे काजव्याला नारळ. त्याची चार वर्षं राहिली होती. ससेभाऊंना वाटलं, आता हा ओरडेल, भांडेल, म्हणेल की साप साप म्हणून भुई धोपटताय. भांडला असता तर बरं झालं असतं. पण काजवा शिडीवरून खाली आला, त्यानं ससेभाऊंकडे बघितलं आणि तो साहेबांना म्हणाला, "ससेभाऊ म्हणतोय म्हणजे असेल साहेब. त्याचा कान चुकत नाही."

आणि तो मुकाट्यानं आपलेच दिवे उतरवायला लागला.

ससेभाऊ बाथरूममध्ये गेले. त्यांनी दाराला कडी लावली, कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि पँटच्या आतल्या खिशात ठेवलं. आज सगळे आपल्याकडेच बघतायत, न जाणो कुणाला दिसलं तर? उरलेला दिवस त्यांनी मोबाइलच्या आलेखावर रेटला. जुने दिवे लागले. बाराच्या बातम्यांत शिट्टी नव्हती. दोनच्या बातम्यांत नव्हती. चारच्याही नाही.

"बघा, गेली की नाही!" साहेब येता-जाता म्हणत होते, आणि ससेभाऊंच्या पाठीवर थाप मारत होते.

आपण अंदाजानं मारलेला दगड बरोबर लागला असं ससेभाऊंनाही वाटायला लागलं होतं. खरंच दिव्यांतूनच असेल. आपण भीतीपोटी बोललो खरं, पण सत्यच बोललो. असं दहा वेळा मनाशी म्हटलं तरी चोराच्या मनातलं चांदणं काही मावळेना.

संध्याकाळी ते ताटावरून अर्धवट उठले. बायकोनं विचारलं, "काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे बरंच काही. बोला."

त्यांनी सांगितलं. शिट्टीचं, दिव्यांचं, काजव्याचं. फक्त आपल्याला शिट्टी ऐकूच आली नव्हती, हे सांगताना ते खिडकीकडे बघत बोलले. बायकोनं त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "त्यांना फोन करा."

"काय बोलू?"

"ते मी सांगू का? वीस वर्षं त्यांच्याबरोबर जेवताय."

घरी ससेभाऊ यंत्र काढूनच ठेवत. घरात काय, बायको मोठ्यानं बोलायची आणि मुलगी कॉलेजातून आली की आपल्याच खोलीत असायची. पण आज फोनवरचं एक अक्षरही निसटायला नको होतं. त्यांनी रुमाल सोडला, यंत्र कानात बसवलं, आवाज सकाळचाच मोठा राहू दिला, आणि काजव्याला फोन लावून मोबाइल कानाशी घट्ट धरला.

"हॅलो, काजव्या, मी बोलतोय."

"बोल." मग जरा थांबून काजवा म्हणाला, "अरे, तुझ्या फोनमध्ये काय वाजतंय?"

"काय वाजतंय?"

"तीच रे. सकाळची शिट्टी. तुझ्याकडे कशी आली?"

त्याच वेळी दारात उभ्या बायकोनं कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, कसला आवाज येतोय तुमच्याकडून? कानात बसतोय अगदी."

ससेभाऊंनी मोबाइल कानापासून दूर नेला.

"हां, आता थांबला," बायको म्हणाली.

"थांबली बघ," मोबाइलमधून काजव्याचा लहानसा आवाज आला.

त्यांनी मोबाइल पुन्हा कानाला लावला. बायकोचा हात आपोआप तिच्या कानाकडे गेला. पुन्हा दूर नेला. हात खाली आला. ससेभाऊंना काहीच ऐकू येत नव्हतं; ते नुसते बायकोच्या हाताकडे बघत होते. 

माइक स्पीकरच्या जवळ नेला की शिट्टी वाजते. ही आवाजाच्या धंद्यातली पहिली इयत्ता. माइक हातात घेऊन स्पीकरसमोर जाऊन उभ्या राहणाऱ्या किती पुढाऱ्यांना आणि किती गायकांना ससेभाऊंनी हाताला धरून बाजूला केलं होतं, किती शिकाऊ मुलांवर ते खेकसले होते! आणि त्याच ससेभाऊंनी एक माइक आणि एक स्पीकर आपल्याच कानात कोंबला, आवाज दोन घरं वाढवला, वरून हेडफोननं बूच मारलं, आणि मग सगळ्या स्टुडिओत शिट्टी शोधत बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, पण इथे वळसा दुसऱ्याच्या घरावरून गेला होता. दुकानातली ती मुलगी बहुधा हेच सांगत होती.

"ससेभाऊ," फोनवर काजवा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "कानात काय घातलंयस तू?"

ससेभाऊंना बोलता येईना. 

"बरं," काजवा म्हणाला. "ठेवतो."

त्यानं फोन ठेवला.

आता मात्र ससेभाऊंची पाचावर धारण बसली. काजव्याला कळलं. उद्या अकरा वाजता तो केबिनमध्ये जाणार आणि सांगणार. का सांगू नये? त्याच्या पोटावर पाय आला होता. मग साहेब वर बोलावणार. आवाजवाला बहिरा! सगळ्या वाहिन्यांत ही गोष्ट चवीनं सांगितली जाणार. त्रेपन्नाव्या वर्षी बहिऱ्या आवाजवाल्याला कोण दारात उभं करतो? मुलीची अजून दोन वर्षं शिकायची आहेत. आणि मुलगी, नोकरी वगैरे बाजूला ठेवलं तरी उरतं काय? कान सोडले तर ससेभाऊ म्हणून आपण आहोत तरी कोण?

आणि याच भीतीच्या पोटातून आणखी एक विचार निघाला, ज्याची त्यांना जास्तच भीती वाटली. काजवा नाहीच बोलला तर? तर काहीच करायचं नव्हतं. यंत्र घरी ठेवायचं, शिट्टी पुन्हा कधी वाजणार नाही, जुने दिवे निर्दोष ठरतील, नवे दोषी ठरतील. काजवा जाईल. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं तर ससेभाऊ सगळ्या जगाला शिकवत आले होते.

"काय करणार आहात?" बायकोनं विचारलं.

"मला भीती वाटतेय गं," ते म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य उच्चारलं असेल. बायको जवळ येऊन बसली. ती काही बोलली नाही, आणि त्यांना ते बरं वाटलं, कारण बोलली असती तर शब्द नीट लागले नसते. यंत्र केव्हाच काढून ठेवलं होतं.

सकाळी अकराला दहा कमी असताना काजवा केबिनबाहेरच्या बाकावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. ससेभाऊंनी त्याला शिडीशिवाय बसलेला फारसा कधी पाहिला नव्हता. तो एकदम बुटका आणि म्हातारा दिसत होता. ससेभाऊंनी जिन्यावरच यंत्र कानात घातलं होतं. ते त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"काजव्या."

"हं."

"मला माहीत नव्हतं रे. शपथेवर सांगतो. काल तुझ्या फोनवर कळलं."

"शिट्टी कुठून येते ते माहीत नव्हतं," काजवा म्हणाला. "दिव्यांतून येत नाही, हे तरी माहीत होतं ना?"

"तेही माहीत नव्हतं. मला ती ऐकूच येत नव्हती."

"मग बोललास कशाला?"

ससेभाऊंकडे याचं उत्तर होतं, पण ते एकाच शब्दाचं होतं आणि तो शब्द या वयात ऑफिसच्या बाकावर बसून म्हणण्यासारखा नव्हता.

"काल तुला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं," काजवा म्हणाला. "अजूनही वाटतंय. सगळ्यांसमोर मी म्हटलं, याचा कान चुकत नाही. मूर्ख ठरलो मी." त्यानं शर्टाची बाही हातानं सारखी केली. मग म्हणाला, "किती दिवस झाले?"

"वर्ष."

"वर्षभर एकटाच कुढत बसलास? माझ्यापाशी तरी बोलायचंस."

"तुझ्यापाशी तर मुळीच नाही. तूच सगळ्यांना सांगत फिरायचास ना, माझ्या कानाचं."

काजवा हसला नाही, पण त्याचा चेहरा थोडा सैल झाला. "हे बघ. मी तुझ्या कानाची चहाडी करणार नाही. ते मला जमायचं नाही. तुला सांगायचं असलं तर तू सांग. नसलं तर आत येऊच नकोस, माझ्या डोळ्यांसमोर तेवढा उभा राहू नकोस."

आतून साहेबांनी हाक मारली. काजवा उठला. ससेभाऊ बाकावरच बसून होते.  जिन्याकडे गेलं की सगळं मिटत होतं. जिना सहा पावलांवर होता. ते उठले, आणि पुढे जेव्हा जेव्हा त्यांनी ही गोष्ट आठवली तेव्हा त्यांना हे कधीच कळलं नाही की आपण जिन्याकडे न जाता केबिनकडे कसे वळलो. धैर्य वगैरे काही नव्हतं. छाती इतकी धडधडत होती की यंत्रातून तीही ऐकू येतेय की काय असं वाटत होतं.

केबिनमध्ये साहेब होते आणि निवेदिका होती. तक्रार पहिल्यांदा तिनं केली म्हणून तिलाही बोलावलं होतं. ती अवघडून कोपऱ्यात उभी होती.

"या ससेभाऊ, बरं झालं आलात," साहेब म्हणाले. "तुम्हीच सांगा याला. मी बाहेरच्या लोकांशी बोललोय, ते पुढच्या आठवड्यापासून येतील. याला वाईट वाटतंय, पण कामात चूक म्हणजे चूक."

काजवा कुणाकडेच बघत नव्हता.

ससेभाऊंनी उजव्या कानात बोट घातलं आणि यंत्र बाहेर काढलं. त्याबरोबर खोली लांब गेली. शेंगदाण्याएवढी ती वस्तू त्यांनी तळहातावर धरून सगळ्यांना दाखवली, आणि मग वरून बोटं मिटून मूठ घट्ट आवळली.

"साहेब," ते म्हणाले. "वाजतेय?"

त्यांना स्वतःला काही कळणार नव्हतं, म्हणून ते चेहऱ्यांकडे बघत राहिले. साहेबांनी आधी वर छतातल्या दिव्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग टेबलावरच्या फोनकडे. निवेदिकेला आधी कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले. मग साहेबांची नजर मुठीवर आली आणि तिथंच थांबली.

"दिवे चांगले आहेत," ससेभाऊ म्हणाले. आपला आवाज नको इतका मोठा निघतोय असं त्यांना वाटलं, पण किती मोठा ते समजायला मार्ग नव्हता. "त्यांच्यात काही दोष नाही. शिट्टी माझी होती. मला ती ऐकू येत नव्हती, तरी मी दिव्यांचं नाव घेतलं. मी घाबरलो होतो, साहेब. वर्षभर घाबरलोय. काजव्याचे दिवे परत लावा."

साहेब कधी नव्हे ते हळू आवाजात बोलायला लागले. ससेभाऊंना आवाज येत होता, पण शब्द येत नव्हते. मध्येच 'कान' आल्यासारखं वाटलं, मग 'इतके दिवस', मग 'लेखी'. साहेब रागावलेत की हळहळतायत, तेही नीट कळेना. पुन्हा सांगा म्हणायचा धीर होईना. आपण आता आणखी काय लपवणार, असं मनात आलं आणि तरीही, सवयीनं, त्यांनी कळल्यासारखी मान हलवली.

मग साहेब थांबले. निवेदिका काहीतरी म्हणाली. तिचा हात कानाकडे गेला, आणि तिघंही कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघायला लागले. ससेभाऊ गोंधळले. आपल्याला काही विचारलंय का? आपण जायचं आहे का? ते साहेबांकडून निवेदिकेकडे आणि निवेदिकेकडून पुन्हा साहेबांकडे बघत तसेच उभे राहिले.

काजवा पुढे आला. त्यानं ससेभाऊंची आवळलेली मूठ आपल्या हातात घेतली, आणि सांगून उपयोग नव्हता म्हणून काही न सांगता, त्यांचं एकेक बोट हळूहळू उघडलं.